बारनिशीकाकांचं मंजूर उड्डाण

बारनिशीकाकांना उडण्याची हौस कधीच नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढले की त्यांचे पाय लटपटायचे. घरातला बल्ब बायको बदलायची आणि काका खाली उभं राहून शिडी धरायचे, तीही डोळे मिटून. अशा माणसानं निवृत्तीला दोन महिने उरले असताना चार पंख्यांचा ड्रोन स्वतःच्या हातानं बांधायला घेतला, याला कारण झाला एक ग्रुप फोटो.

काका ऑफिसच्या आवक-जावक टेबलावर होते. बाहेरून आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा आणि दोघांची बारनिशी नावाच्या जाड वहीत नोंद करायची. एकतीस वर्षं हेच केल्यामुळे त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना ते बारनिशीकाका.

तर एकतीस वर्षांत ऑफिसचे चार ग्रुप फोटो निघाले होते, आणि चारही फोटोंत काका नव्हते. पहिल्यात ते एका उंच टंकलेखकाच्या मागे उभे होते. नीट पाहिलं तर त्यांचा डावा कान दिसायचा, पण तो त्यांचाच आहे हे पटवून द्यावं लागायचं. दुसऱ्याच्या वेळी ऐन क्षणी पोस्टमन रजिस्टर टपाल घेऊन आला आणि काका सही करायला आत पळाले. तिसरा फोटो त्यांनीच काढला. चौथाही त्यांनीच काढला, पण त्या वेळी कॅमेऱ्याला दहा सेकंदांची मुदत लावून ते रांगेकडे धावले होते. वाटेत पाय अडखळला. त्या फोटोत खालच्या कोपऱ्यात एका चपलेचा तळ आहे. साहेबांच्या खोलीत तो फोटो अजून टांगलेला होता, आणि कामासाठी आत जावं लागलं की काका त्या भिंतीकडे पाठ करून उभे राहत.

आणि आता ऑफिस नव्या इमारतीत जायचं होतं. जुन्या इमारतीसमोर शेवटचा ग्रुप फोटो निघणार, मोठा करून नव्या इमारतीच्या दारातच लागणार, असं साहेबांनी चहाच्या वेळी जाहीर केलं. काकांसाठी ही शेवटची संधी होती. यानंतर त्यांना कुणी कुठल्याच रांगेत उभं करणार नव्हतं.

"काका, फोटो तुम्हीच काढा," साहेब म्हणाले. "तुमचा हात स्थिर आहे."

काकांना त्या क्षणी स्वतःच्या स्थिर हाताचा इतका संताप आला, की तोंडून भलतंच निघून गेलं. "साहेब, या वेळी वरून काढू या. ड्रोननं. सगळं आवार येईल, सगळी माणसं येतील, आणि फोटो काढायला म्हणून कुणाला बाहेर राहायला नको."

"तुमच्याकडे ड्रोन आहे?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. नेमकं तेच नडलं. "आहे की," काका म्हणाले.

हेडक्लार्क बाईंनी चष्मा नाकावर घेतला. खोटं बोलणाऱ्याकडे त्या नुसत्या बघायच्या. पुढचं तो आपण होऊन करायचा. "कुठल्या कंपनीचा घेतलात?"

"घेतला नाही. घरी बांधलाय," काका म्हणाले, आणि चहाचा कप घेऊन बारनिशीच्या मागे जाऊन बसले.

त्या दिवसापासून आठवड्याभरात घरी जेवायचं टेबल नाहीसं झालं. म्हणजे होतं तिथंच, पण त्याच्यावर चार मोटरी, चार पाती, वायरींची भेंडोळी, एक डाळीएवढ्या स्क्रूंची डबी आणि आगपेटीएवढा एक मेंदू मांडलेला होता. तो मेंदू क्षणोक्षणी ड्रोन किती कलंडलाय हे बघतो आणि चारही मोटरींना हुकूम सोडतो, अशी माहिती काकांनी बायकोला दिली.

"आगपेटीएवढा मेंदू सगळं बघतो," बायको म्हणाली. "आणि आपण जेवायचं कुठं?"

"थोडे दिवस गॅलरीत."

गॅलरीत जेवायला बसल्याचा तोटा असा, की शेजारच्या गॅलरीत पूलवाले असायचे. हे गृहस्थ चाळीस वर्षं पूल बांधून निवृत्त झाले होते आणि आता जगातली प्रत्येक वस्तू त्यांना कच्ची वाटायची. त्यांनी ड्रोनचा सांगाडा दोन बोटांत उचलून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हे बोल्ट? अहो, हे बोल्ट मी चष्म्यालासुद्धा लावणार नाही. जेवढा भार येणार त्याच्या तिप्पट ताकद ठेवायची. पुलाला जे लागतं ते सगळ्याला लागतं."

"पण पूल उडत नाही."

"मी बांधलेला एकही उडाला नाही," पूलवाले अभिमानानं म्हणाले, आणि काकांनी पाना हातात घेतला. संध्याकाळपर्यंत सांगाड्याला अॅल्युमिनियमच्या चार आडव्या पट्ट्या आणि सोळा जाड बोल्ट लागले. ड्रोन दिसायला आता एखाद्या लहान पाण्याच्या टाकीच्या स्टँडसारखा झाला होता.

पहिली चाचणी दिवाणखान्यात झाली. काकांनी रिमोटची काडी हळूहळू पुढं ढकलली. मोटरी घोंघावल्या, कॅलेंडर भिंतीवर फडफडलं, पूलवाल्यांचं वर्तमानपत्र स्वयंपाकघरात गेलं, पण ड्रोन जागचा हलेना. काडी आणखी पुढं ढकलली. तो आणखी घट्ट बसला. पूर्ण जोर दिला तेव्हा सतरंजीत त्याचे चार पाय रुतल्याचं स्पष्ट दिसलं.

"बघा, कसा भक्कम बसलाय," पूलवाले म्हणाले.

काकांनी पट्ट्या काढल्या, बोल्ट काढले, वजन निम्म्यावर आणलं. तरी तेच. तीन दिवस त्यांनी पुस्तिका उलटसुलट वाचली. चौथ्या दिवशी बायको सतरंजी वाचवायला म्हणून वाकली आणि तिचे केस वर उडाले.

"अहो, याचा वारा माझ्या तोंडावर येतोय. उडायचं तर वारा खाली जायला नको का? तुमचे पंखे उलटे फिरतायत."

चारही मोटरी उलट्या जोडल्या होत्या. गेले चार दिवस ड्रोन उडण्याची नव्हे, जमिनीत शिरण्याची मनापासून खटपट करत होता. मोटरला जाणाऱ्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन आपसांत बदलल्या की ती उलटी फिरते, हे पुस्तिकेत पान सातवर लिहिलं होतं. काकांनी तारा बदलल्या. हे मला माहीतच होतं, असं ते म्हणाले नाहीत, ही त्यांची सभ्यता. बायकोनंही तो विषय दिवसातून दोनदाच काढला, ही तिची.

मग होकायंत्र शिकवणं आलं. ड्रोनला दिशा कळाव्यात म्हणून त्याला हातात धरून आपण सावकाश गोल फिरायचं असतं. एकदा तो सरळ, एकदा उजव्या कुशीवर, एकदा डाव्या, एकदा उताणा. इमारतीखाली गाड्यांच्या लोखंडानं होकायंत्र बिचकायचं आणि "पुन्हा करा" असं सांगायचं. काका अकरा वेळा फिरले. सहाव्या वेळेला गॅलऱ्या भरल्या, आठव्या वेळेला तळमजल्यावरच्या बाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, आणि दहाव्या वेळेला वॉचमननं बायकोला हळूच विचारलं, "साहेबांच्या घरचं आणखी कुणी आहे का बोलावण्यासारखं?"

खरी कसोटी पुढं होती. ड्रोन नुसता उडून भागत नाही, तो हवेत स्थिर राहावा लागतो, आणि त्यासाठी त्या मेंदूत तीन आकडे भरावे लागतात. काकांनी ते बायकोला असे समजावले: पहिला आकडा म्हणजे ड्रोन कलंडला की त्यानं किती जोरात सावरायचं. दुसरा म्हणजे आपण मघापासून जागा सोडून आहोत ही गोष्ट त्यानं किती वेळ मनात धरायची. आणि तिसरा म्हणजे सावरता सावरता हात आखडता कधी घ्यायचा.

"तिसरा आकडा तुमच्या आईंना हवा होता," बायको म्हणाली.

टेबल उलटं करून त्याच्या चार पायांना चार दोऱ्या बांधल्या, मधे ड्रोन, आणि काका रोज संध्याकाळी आकडे बदलून बघू लागले. पहिला आकडा कमी पडला तर ड्रोन झोप लागल्यासारखा एका बाजूला कलायचा. जास्त झाला की त्याला हुडहुडी भरायची. एकदा दोरी तुटली आणि त्यानं पडद्याचा खालचा वीतभर भाग खाल्ला. पडदा आखूड झाल्यावर पूलवाल्यांना त्यांच्या गॅलरीतूनच सगळं दिसू लागलं, आणि ते तिथूनच आकडे सुचवू लागले. त्यांचा प्रत्येक आकडा तिप्पट असायचा.

पण काका हटले नाहीत. एकतीस वर्षं कागद जुळवणारा माणूस, चिकाटीला कुठं कमी पडतोय? चोवीस दिवसांनी, छप्पन्न वेळा बदल करून, ते आकडे सापडले: चार पूर्णांक सहा, तीन पूर्णांक सात आणि शून्य पूर्णांक चार. मोकळ्या मैदानावर ड्रोन डोक्याच्या वर दोन पुरुष उंच जाऊन थांबला तो थांबलाच. वारा आला, तो किंचित झुकला आणि परत जागेवर. काकांचे डोळे भरून आले. आपल्या हातून एवढी नेटकी गोष्ट झाली यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना. "अहो, छानच की हो," असं बायको म्हणाली, आणि त्यात थट्टा अजिबात नव्हती.

एखाद्या साध्या माणसाची गोष्ट इथं संपली असती. पण काका कर्मचारी होते. ऑफिसच्या आवारात ड्रोन उडवायचा तर रीतसर अर्ज हवा.

अर्ज त्यांनी स्वतः लिहिला, आपल्याच टेबलाशी नेऊन स्वतःला दिला, वाचला, शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही करून ती स्वतःच्या हाती सोपवली. अर्ज घेऊन आले ते मधल्या सुट्टीत, म्हणून स्वतःला दहा मिनिटं ताटकळतही ठेवलं. नियम तो नियम.

चार दिवसांनी अर्ज हेडक्लार्क बाईंच्या शेऱ्यासह परत आला. एक, यंत्र आवाराबाहेर जाऊन परत येणार असल्यास त्याला जाताना जावक व येताना आवक क्रमांक घ्यावा. दोन, आवाराची हद्द चारही बाजूंनी ठरलेली आहे, वरून ठरलेली नाही. सबब यंत्र किती फुटांवर गेल्यास बाहेर गेले असे समजावे, याचा खुलासा करावा. तीन, यंत्राचे तांत्रिक आकडे मान्यतेसाठी सादर करावेत.

पहिल्या दोन मुद्द्यांत काकांना काही वावगं दिसलं नाही. उलट बाईंच्या बारकाव्याचं कौतुकच वाटलं. तिसऱ्या मुद्द्यासाठी त्यांनी सुवाच्य अक्षरात तक्ता केला आणि तिन्ही आकडे लिहून पाठवले. इथं घात झाला.

साहेबांना दशांशचिन्हाचा तिटकारा होता. अपूर्णांक म्हणजे काम अर्धवट राहिल्याची लेखी कबुली, असं ते नेहमी म्हणायचे. तक्ता परत आला तेव्हा चार पूर्णांक सहाचे पाच झाले होते, तीन पूर्णांक सातचे चार, आणि शून्य पूर्णांक चारचं शून्य. शेजारी लिहिलं होतं, "पूर्णांकात करून मान्य. याप्रमाणेच कार्यवाही व्हावी." खाली भलीमोठी सही.

काकांनी फेरविचाराचा अर्ज केला. तिसरा आकडा शून्य केल्यास यंत्र सावरता सावरता थांबणार नाही, असं नम्रपणे कळवलं. उत्तर आलं: "शून्य असलेल्या बाबीवर पत्रव्यवहार करू नये."

"अहो, मग घाला ना तुमचेच आकडे," बायको म्हणाली. "साहेब काय ड्रोनच्या पोटात शिरून बघणारेत?"

"सही आहे त्याच्यावर."

"असू दे की!"

"सहीखालचा आकडा बदलायचा म्हणजे खाडाखोड. माझ्या बारनिशीत एकतीस वर्षांत एक खाडाखोड नाही."

"आणि या वेळीही फोटोत नाही आलात तर? परत येऊन माझ्यापुढंच बसणार ना तोंड पाडून?"

काकांना फोटोत यायचं होतं. आयुष्यात दुसरं काही त्यांनी इतक्या आशेनं मागितलं नव्हतं. पण मंजूर आकडा मोडायचा म्हणजे आपण इतकी वर्षं जे केलं ते उगाचच केलं, असं म्हणण्यासारखं होतं. त्यांनी मुकाट्यानं पाच, चार आणि शून्य भरलं. बायकोनं कपाळावर हात मारला आणि त्यांचा ठेवणीतला सदरा इस्त्रीला घेतला.

फोटोच्या दिवशी अकरा वाजता सगळे जुन्या इमारतीसमोर जमले. खुर्च्यांची एक रांग, तिच्या मधोमध साहेब. मागे उभ्यांच्या तीन रांगा. काका पहिल्या उभ्या रांगेत, साहेबांच्या बरोबर मागे, समोर कुणाचंही डोकं नाही अशी जागा धरून उभे होते. रिमोट त्यांनी पोटाशी धरला होता. कॅमेरा दर दोन सेकंदांनी आपोआप फोटो काढणार होता.

"सगळ्यांनी वर बघायचं," काकांनी विनंती केली.

"छे, छे," साहेब म्हणाले. "वर काय बघायचं? आकाशातून काही पडणारेय का? ग्रुप फोटोत समोर बघतात. समोर बघा आणि हसा."

काकांनी पायाशी ठेवलेली बारनिशी उघडून ड्रोनला जावक क्रमांक दिला, वेळ लिहिली, आणि काडी पुढं ढकलली.

ड्रोन वर गेला. आधी छान गेला. इमारतीच्या गच्चीइतका उंच जाऊन थांबला, आणि मग त्याला बारीकसा कंप सुटला. वाऱ्याची झुळूक आली तसा तो डावीकडे कलला, तिथून सावरायला गेला तो उजवीकडे जास्त कलला, ते सावरायला गेला तो डावीकडे त्याहून जास्त. आवरतं घ्यायचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ती बाब शून्य होती. थोड्याच वेळात तो रागावलेल्या माणसासारखा वर गरगरायला लागला, आणि खाली सगळा कर्मचारीवर्ग समोरच्या रिकाम्या भिंतीकडे बघून हसत होता.

"काका, आवाज का येतोय असा?" बाईंनी ओठ न हलवता विचारलं.

"मंजूर आकडे आहेत," काका म्हणाले.

"कुणीही हलायचं नाही!" साहेब ओरडले. "हसा!"

तेवढ्यात तो सुटला. तिरका होऊन, भिरभिरत, सरळ रांगांच्या दिशेनं. कुणीतरी "पळा" म्हणालं आणि एका क्षणात सगळ्या माना खाली गेल्या, सगळे हात डोक्यावर गेले. साहेब वयाच्या मानानं फारच चपळाईनं खुर्चीखाली शिरले. एकटे काका जागेवर उभे राहिले. धैर्य वगैरे काही नव्हतं. चोवीस दिवसांची मेहनत वरून येत होती, आणि तिच्यावरून नजर काढणं त्यांना जमलंच नाही. तोंड वासून, मान वर करून त्यांनी मोटरींचं बटण दाबलं. पंखे थांबले. ड्रोन त्यांच्या टाळूवरून हातभर अंतरानं गेला आणि मागच्या झुडपात जाऊन पडला. काका खाली बसले, बारनिशी ओढली आणि आवक क्रमांक घातला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "एक पाय कमी मिळाला."

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क बाईंनी कॅमेऱ्यातले फोटो बघितले. एकाहत्तर फोटो निघाले होते. सत्तर इतके हललेले होते की आवार कुठलं आणि आकाश कुठलं तेही कळेना. एकच फोटो लख्ख आला होता, शेवटचा, पंखे थांबल्यावर निघालेला. जुनी इमारत, पायऱ्या, खुर्च्या, आणि चार रांगा पाठी आणि टकलं.

"दुसरा काढू या," साहेब म्हणाले. पण जुन्या इमारतीची दर्शनी भिंत आदल्या दुपारीच पाडायला घेतली होती, आणि नव्या इमारतीचं उद्घाटन दोन दिवसांवर होतं. दारात फोटो लागणार असं निमंत्रणपत्रिकेत छापून झालं होतं. साहेबांनी फोटो जवळ घेऊन निरखला. "यात मी कुठं आहे?"

"खुर्चीखाली, साहेब. हा बूट."

साहेबांनी फोटो टेबलावर पालथा ठेवला. "मग फोटोखाली माझं नाव घालू नका," ते म्हणाले. "नियमाप्रमाणे ज्यांचा चेहरा ओळखता येतो त्यांचंच घाला." आणि त्यांनी फाइलवर तसा शेरा लिहून सही केली.

बाई भिंग घेऊन बसल्या. पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी, चौथी. त्यांचं स्वतःचं नाव घालावं अशी त्यांची फार इच्छा होती, पण अंबाडा म्हणजे चेहरा नव्हे. त्या प्रामाणिक बाई होत्या. शेवटी त्यांनी ओळ लिहून पाठवली आणि जुन्या रिवाजाप्रमाणे तो कागदसुद्धा आधी आवक-जावक टेबलावर आला.

काकांनी शिक्का उचलला आणि कागद वाचला. मग सोबतचा फोटो पाहिला. सगळ्या वाकलेल्या पाठींच्या मधोमध, ऊन तोंडावर घेतलेला, डोळे विस्फारलेला, दात दिसतील इतका मोठा आ वासलेला, एकच चेहरा होता. इतका स्पष्ट, की सदऱ्याच्या कॉलरची इस्त्रीसुद्धा दिसत होती. खाली बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं, "बारनिशीकाका आणि इतर."

काकांनी कागद परत एकदा वाचला, आणि मग आणखी एकदा. त्यांना रडू यायला लागलं आणि ते त्यांनी आवरलंही नाही. शिक्का हातातच राहिला. टेबलासमोर तीन माणसं टपाल घेऊन खोळंबली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काका त्यांना म्हणाले, "थांबा जरा. मी फोटो बघतोय."